सियागंजची गोण आणि लिस्पची साखळी

इंदूरला रेल्वे स्टेशनाजवळ सियागंज आहे. किराणा, मसाले, सुका मेवा यांचा घाऊक बाजार. आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकणारी बाईच तोलते, बांधते आणि पैसेही मोजते. घाऊक बाजाराची रीत निराळी. एक तोलतो, दुसरा वहीत मांडतो, तिसरा गोण उचलतो. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू.

संगणकातही ही रीत आहे. बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात सुचवले, की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते युनिक्समध्ये आणले. खूण म्हणून पुढे एक साधी उभी रेघ ठरली. समजा, सियागंजातल्या एखाद्या पेढीच्या विक्रीची फाइल आहे, ओळीला एक जिन्नस. ‘सॉर्ट’ सारखे जिन्नस शेजारी आणतो, ‘युनिक’ ते मोजतो, पुन्हा ‘सॉर्ट’ जास्त खपाचा वर आणतो, आणि ‘हेड’ पहिले दहा दाखवतो. चार हमाल, एक गोण!

पण हा सगळा हुकूम शेलपुढे जातो तो मजकुराची एक ओळ म्हणून, आणि घोळ तिथेच आहे. फाइलचे नाव ‘सियागंज विक्री’ असेल, तर मोकळ्या जागेपाशी शेल ते तोडते आणि दोन फाइली शोधू लागते. हुकूम पुसण्याचा असला आणि ‘विक्री’ नावाची दुसरी फाइल खरोखर असली, तर ती गेलीच. बाहेरून आलेल्या नावात कुणी अर्धविराम घालून पुढे काही लिहिले असेल, तर तेही हुकूम म्हणून चालते. अवतरणचिन्हे घालून हे टाळता येते, हे खरे. पण ती विसरायला कितीसा वेळ लागतो?

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या लिस्प भाषेत मूळ वस्तूच यादी. कंसात ठेवलेला प्रत्येक घटक वेगळा आणि अखंड. स्कीम ही तिची १९७५ची धाकटी बहीण. ऑलिन शिव्हर्स यांनी १९९४ मध्ये ‘स्कीम शेल’ मांडले, त्यात शेलची अख्खी साखळीच कंसात बसवली. नाव चलातून आले की ते एकच घटक राहते, मध्ये कितीही मोकळ्या जागा असोत. मला यातली खरी गंमत वाटते ती अशी, की त्यांनी नवी अवतरणचिन्हे शोधली नाहीत, मजकूर तोडण्याची पायरीच काढून टाकली.

गंमत म्हणजे त्याच १९९४ साली कॉमन लिस्पचे अमेरिकन प्रमाणक ठरले, आणि बाहेरचा प्रोग्रॅम कसा चालवावा याबद्दल त्यात एक अक्षर नाही! प्रत्येक लिस्पने आपापली सोय केली. पुढे २०१३ मध्ये ‘एएसडीएफ ३’सोबत आलेल्या ‘यूआयओपी’ने सर्वांसाठी एक सामाईक ‘रन-प्रोग्रॅम’ दिले. ते यादीही घेते आणि मजकुराची ओळही. ओळ दिली, की ते तिला पुन्हा त्याच जुन्या शेलच्या हवाली करते.