खटका

विजेच्या बटणाला आमची आजी ‘खटका’ म्हणायची. हा शब्द कानाने घडवला आहे: खट्ट वाजतो तो खटका. दोघांचं बिनसलं की उडतो, तोही हाच. इंग्रजी ‘स्विच’ मात्र आवाजातून आलेला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्विच म्हणजे घोडा हाकायची लवचिक छडी. पुढे तो आगगाडीचे रूळ बदलणारा सांधा झाला आणि मग विजेकडे वळला.

रुळांशी असलेलं हे नातं ‘डबल पोल डबल थ्रो’ खटका पाहिल्यावर पटतं. पोल म्हणजे एका दांडीने एकदम हलणाऱ्या, पण एकमेकींपासून अलग असलेल्या वाटा. थ्रो म्हणजे प्रत्येक वाटेला जोडता येणारे मुक्काम. दोन वाटांचे दोन आणि त्यांच्या दोन-दोन मुक्कामांचे चार, म्हणून तारा जोडायचे स्क्रू सहा. वायरमन याला सरळ ‘चेंजओव्हर’ म्हणतो, आणि मला तेच नाव आवडतं. मधल्या जोडीला घर, वरच्या जोडीला खांबावरची वीज, खालच्या जोडीला जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम सुटतात, त्यामुळे आपल्या जनरेटरची वीज उलटी तारेवर चढून खांबावरच्या माणसाला झटका देत नाही.

याच सहा स्क्रूंची एक गंमत. बॅटरी मधल्या जोडीला, छोटी डीसी मोटर एका टोकाच्या जोडीला लावा आणि तिथून दुसऱ्या टोकाला दोन तारा फुलीसारख्या तिरक्या न्या. दांडी पलीकडे टाकली, खट्ट, की मोटर उलटी फिरते.