वाटेवरचें पाणी

घर बरोबर घेऊन हिंडण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही मूळ धरूं लागली आहे. मोटारींतच बिछाना, चूल, दिवा आणि पाण्याची टाकी बसवून मंडळी निघतात. हॉटेल नको, धर्मशाळा नको, जेथें रान आवडेल तेथें मुक्काम. या हौसेचा आरंभ इंग्लंडांत इ. स. १८८५ च्या सुमारास झाला, असें मानतात. त्या सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, पूर्वीं आरमारांत असलेल्या एका डॉक्टरानें ब्रिस्टल येथील कारखान्यांत 'वाँडरर' नांवाची दोन घोड्यांची प्रशस्त गाडी बांधवून घेतली आणि ट्वायफर्डपासून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत तींत राहून प्रवास केला. तोंवर अशा गाड्यांत राहत ते जिप्सी आणि जत्रांतून खेळ करणारे लोक. पोटासाठीं हिंडणाऱ्यांचें घर हौसेसाठीं हिंडणाऱ्यांनीं उचललें. पुढें घोडे जाऊन इंजिन आलें. पण प्रवाशाची एक अडचण होती तशीच राहिली. चार दिवसांचा शिधा सहज नेतां येतो, चार दिवसांचें पाणी नेणें जड जातें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. चार माणसांचें पिणें, स्वयंपाक आणि धुणें यांत शंभर लिटरची टाकी बघतां बघतां रिती होते. मग गाडी थांबवून कोणास तरी विचारावें लागतें, "येथें पाणी मिळेल का?"

हा प्रश्न दिसावयास एक, पण त्याच्या पोटांत प्रश्न दोन आहेत. पाणी कोठें आहे, हा पहिला. आणि तें मला घेऊं देतील काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर भूगोल देतो. दुसऱ्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें. आणि आपल्या महाराष्ट्रांत हा इतिहास जितका उदात्त तितकाच मान खालीं घालावयास लावणारा आहे.

प्रथम पहिला प्रश्न घेऊं. सह्याद्रीचा प्रदेश पाण्याच्या बाबतींत मोठा फसवा. पावसाळ्यांत ज्या कड्यांवरून धबधबे कोसळतात, त्याच कड्यांवर चैत्र-वैशाखांत घोटभर पाण्यासाठीं वणवण करावी लागते. येथील काळा पाषाण पाणी सहजासहजीं मुरूं देत नाहीं. जेथें खडकास भेगा आहेत, किंवा लाव्हारसाच्या दोन थरांमधला सच्छिद्र पट्टा उघडा पडला आहे, तेथेंच झरा वाहतो. अशीं स्थळें ओळखण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या बृहत्संहितेंत भूमिगत पाण्याविषयीं 'दकार्गल' नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. झाडें, वारुळें, मातीचा रंग यांवरून पाण्याचा ठाव कसा लावावा, हें त्यांत सांगितलें आहे. उदाहरणार्थ, निर्जल प्रदेशांत वेतस आढळल्यास त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर दीड पुरुष खोल पाणी लागतें, असें तो म्हणतो. आजच्या भूगर्भशास्त्रज्ञास त्यांतील प्रत्येक वचन मान्य होणार नाहीं. तरीपण उंबर-जांभळांची हिरवीगार रांग पाहून ओढ्याकडे वळणारा, किंवा कोरड्या नदीच्या वाळूंत हातभर झरा उकरून निवळ पाणी घेणारा गुराखी त्याच विद्येचा वारस आहे.

परंतु बैलांचा तांडा घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यास लक्षणांवर विसंबून चालत नसे. कोंकणच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल नाणेघाटानें चढे. त्या घाटाच्या माथ्याशीं जें लेणें आहे, त्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा विख्यात लेख आहे. विद्वान लोक तेथें जाऊन यज्ञांची आणि दानांची यादी वाचतात. पण छाती फुटेल असा चढ चढून आलेल्या हमालास त्या लेखापेक्षां जवळच खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकींच अधिक मोलाचीं वाटलीं असतील. प्राकृत लेखांतून अशा टाक्यास 'पोढि' म्हटलें आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत पोढि दान दिल्याच्या नोंदी आढळतात. युक्ति साधी आहे. अखंड खडकांत खोल टाकें खोदावयाचें, त्याचें तोंड आटोपशीर ठेवावयाचें, आणि डोंगरावरून वाहणारें पावसाचें पाणी चर काढून आंत घ्यावयाचें. ऊन थोडें लागतें, पाणी थोडें उडतें. चार महिन्यांच्या पावसावर पुढचे आठ महिने निभावतात.

येथवर पाणी शोधण्याचा विषय झाला. आतां तें देण्याविषयीं. अशोकाच्या लेखांत रस्त्यांवर वड लावल्याचा व विहिरी खोदल्याचा उल्लेख असून, ही सोय पशूंसाठीं आणि मनुष्यांसाठीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतील लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें त्यानें उतारूंसाठीं निवारे बांधले. तळीं व विहिरी करविल्या. तापी, दमणगंगा, डहाणूची खाडी इत्यादि ठिकाणीं नावेचा उतार फुकट केला. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व 'प्रपा' स्थापन केल्या. प्रपा म्हणजे पाणपोई. नावेंतून उतरल्यावर ज्याला प्रथम तहान लागते, त्याची आठवण ठेवून केलेली ही योजना आहे. अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांनीं हिंदुस्थानभर ज्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या याच परंपरेंतल्या. अनोळखी माणसाची तहान भागविणें हें आपल्या लोकांनीं पुण्यकर्म मानिलें, ही गोष्ट अभिमानानें सांगण्याजोगी आहे.

पण येथेंच दुसरा प्रश्न उभा राहतो. हें पाणी अमक्यानें घ्यावें व अमक्यानें घेऊं नये, असें वर सांगितलेल्या लेखांत कोठेंही कोरलेलें नाहीं. रूढीचे नियम मात्र दगडावर कोरावे लागत नाहींत. ते माणसांच्या नजरेंत असतात. पुण्यासाठीं घातलेल्या पाणपोईवरही कोणाच्या हातीं भांडें द्यावयाचें आणि कोणाच्या ओंजळींत लांबून धार सोडावयाची, हें ठरलेलें असे. आगगाडी आली तेव्हां तिच्या डब्यांतून सर्व जातींचे लोक एकत्र बसूं लागले. पण स्टेशनावर 'हिंदु पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या आरोळ्या ऐकूं येत. गाडी एक, तहान एक, घागरी मात्र दोन. आणि ज्यांना दोहोंपैकीं एकही घागर आपली म्हणतां येत नसे, असेही पुष्कळ उतारू त्याच गाडींत असत.

त्यांपैकीं एका प्रवासाची हकीकत सुदैवानें लेखनिविष्ट झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या आत्मकथनांत ती सांगितली आहे. साल १९०१. भीमरावांचें वय दहा वर्षांच्या आसपास. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यांत खटाव तालुक्यांतील गोरेगांव येथें खजिनदार होते. दुष्काळांत लोकांना काम मिळावें म्हणून सरकारनें तेथें तलाव खोदण्यास आरंभ केला होता. उन्हाळ्याच्या सुटींत भीमराव, त्यांचे बंधु आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरले, तर न्यावयास कोणी आलेलें नाहीं. पत्र वडिलांच्या हातीं पडलेंच नव्हतें. मुलें महार आहेत असें कळतांच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडें ठरलें, तेंही अशा करारानें कीं, गाडी मुलांनीं हांकावी आणि गाडीवानानें बाजूनें पायीं चालावें.

बरोबर डबाभर अन्न होतें, पाणी नव्हतें. वाटेंत एका ओढ्याशीं थांबले, पण तेथील डबकें गुरांच्या शेणामुतानें घाण झालेलें. मध्यरात्रीच्या सुमारास एका टेकडीच्या पायथ्याशीं टोलनाक्यावर पोंचले. आपली जात कळली तर पाणी मिळणार नाहीं, हें ओळखून त्या मुलानें आपण मुसलमान असल्याचें सांगितलें आणि नाकेदाराशीं उर्दूंत बोलून पाणी मागितलें. तरीही तें मिळालें नाहीं. पाणी टेकडीवर आहे, हवें तर जाऊन आणा, एवढेंच उत्तर आलें. डबा उघडला होता तो तसाच मिटला, आणि मुलें गाडींतच उपाशी निजलीं. जो मुलगा त्या रात्रीं तहानेला निजला, त्याचे वडील त्याच वेळीं तलावाच्या कामाचा हिशेब लिहीत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या हकीकतीचा खरा अर्थ उमगतो. पाण्याचा दुष्काळ सरकारी पैशानें हटवितां येत होता. दुसरा दुष्काळ तसा हटणारा नव्हता.

त्यावर पहिला घाव कायदेमंडळांत बसला. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई कायदेमंडळानें ऑगस्ट १९२३ मध्यें सार्वजनिक पैशानें बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्या असें ठरविलें. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तेव्हां २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोक मिरवणुकीनें तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, तें माणसांच्या स्पर्शानें विटाळलें म्हणून पुढें पंचगव्यानें शुद्ध करण्यांत आलें! अशोकानें पशु व मनुष्य यांचीं नांवें एकत्र घेतलीं होतीं. दोन हजार वर्षांनीं त्यांतील पशु तेवढा निर्वेध राहिला होता.

मोटारींच्या युगांतही ही स्थिति पालटली नाहीं. १९३४ सालीं आंबेडकर आणि त्यांचे सुमारें ३० सहकारी बस व मोटारी घेऊन वेरूळचीं लेणीं पाहण्यास निघाले. वाटेंत निजामाच्या राज्यांतील दौलताबादेस थांबले. किल्ल्याच्या दाराबाहेर हौद कांठोकांठ भरलेला. धुळीनें माखलेल्या मंडळींनीं तेथें तोंडें-पाय धुतले. इतक्यांत एक वृद्ध मुसलमान, अस्पृश्यांनीं हौद बाटविला, असें ओरडत धांवत आला, आणि बघतां बघतां जमाव गोळा झाला. शेवटीं आंत कोठेंही पाण्यास हात लावूं नये, या अटीवर आणि शिपायाच्या पहाऱ्यांत किल्ला पाहावयास मिळाला. १९०१ सालीं बैलगाडी होती, १९३४ सालीं मोटार होती. मधल्या काळांत तो तहानेला मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला होता. पाण्याशीं त्याचें नातें मात्र तेंच होतें.

महाडच्या तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला कीं, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाहीं. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते हे एकाच वाक्यांत आले आहेत. कायद्याच्या रुक्ष भाषेंतील ही संगति मला फार बोलकी वाटते. रस्ता मोकळा आणि रस्त्यावरची विहीर बंद, तर तो रस्ता मोकळा नव्हेच.

आज मोटारघरवाला पेट्रोलपंपावर किंवा देवळाच्या आवारांत विचारून टाकी भरून घेतो, आणि त्याची जात विचारण्याचा अधिकार कोणासही नाहीं. तरीसुद्धां पाणवठ्यावर एखाद्यास अडविल्याच्या बातम्या अजून अधूनमधून वाचावयास मिळतात. त्यांवरून हें काम संपलेलें नाहीं हें समजावें. प्रवाशानें आपल्यापुरतें एवढें करावें: निवळ दिसतें म्हणून पाणी शुद्ध समजूं नये, उकळून प्यावें, डोंगरावरच्या टाक्यांत हातपाय किंवा भांडीं धुवूं नयेत, आणि उन्हाळ्यांत ज्या गांवास टँकरनें पाणी येतें, तेथील विहिरीवर आपली नळी सोडूं नये. पाणी कोठें आहे आणि तें मला घेतां येईल काय, या दोन प्रश्नांबरोबर मी निघून गेल्यावर येथें किती उरेल, हेंही त्यानें गांवांतल्या कोणाला तरी विचारावें. नाणेघाटाचीं टाकीं खोदविणाऱ्यांनीं आपल्या मागून येणाऱ्यांची काळजी वाहिली होती. त्यांच्या वाटेनें जाणाऱ्यावर तेवढें ऋण आहे.