शाम्पूची बाटली आणि श्वासाचा आधार

कोविडच्या काळात आपल्या सगळ्यांच्या घरात काही शब्द न विचारता शिरले. सॅच्युरेशन, बायपॅप, हाय फ्लो, व्हेंटिलेटर. व्हेंटिलेटरचं नाव काढलं की पोटात गोळा यायचा. पण त्याच्या एक पायरी अलीकडे काही उपाय असतात. घशात नळी घालायची नाही, मास्कने किंवा नाकातल्या बारीक नळीने श्वासाला आधार द्यायचा. आज मी त्यांचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यातही न्यूमोनिया झालेल्या लहान मुलांचा.

आधी न्यूमोनियात होतं काय ते बघू. आपल्या फुप्फुसात हवेच्या अगदी बारीक पिशव्या असतात, लाखोंनी. न्यूमोनियात त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांमध्ये पाणी आणि पू भरतो, काही मिटून जातात. मिटलेली पिशवी उघडणं फार कष्टाचं काम. फुगा आठवा. पहिली फुंकर मारताना गाल दुखतात, पण आत थोडी हवा राहिली असेल तर पुढची फुंकर सोपी जाते. म्हणजे श्वास सोडल्यावरही पिशवी पूर्ण मिटू दिली नाही, तर रुग्णाचे निम्मे कष्ट वाचतात.

गंमत बघा, ही युक्ती तान्ह्या बाळाला आपोआप येते. धाप लागलेलं बाळ श्वास सोडताना कण्हतं, ऐकलंय कधी? ते नुसतं दुखतंय म्हणून नसतं. बाळ घसा थोडा आवळून हवा अडवून धरतं, म्हणजे फुप्फुसं मिटत नाहीत. 1968 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हे नीट तपासलं. नवजात बाळांच्या श्वासनलिकेत नळी घातली की कण्हणं थांबायचं आणि रक्तातला ऑक्सिजन खाली यायचा.

मग हेच काम बाहेरून करता येईल का? त्याचा एक प्रयत्न फार आधी झाला होता. 1936 साली लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या पोल्टन नावाच्या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनर उलटा वापरला. ओढणारी नाही, फुंकणारी बाजू मास्कला जोडली. त्यांचे रुग्ण हृदयविकारामुळे फुप्फुसात पाणी झालेले होते. पुढे 1971 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, श्वासाचा त्रास असलेल्या 20 बाळांना असा सतत दाब दिला. 16 वाचली. आज आपण ज्याला सीपॅप म्हणतो, ते लहान मुलांच्या वॉर्डात स्थिरावलं ते इथून.

आता बबल सीपॅप समजून घ्या, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. बाळाच्या नाकात ऑक्सिजनची नळी. बाळ जो श्वास सोडतं, तो दुसऱ्या नळीतून बाहेर जातो. त्या दुसऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं. टोक 5 सेंटिमीटर खोल असेल, तर तेवढ्या पाण्याचा दाब हवेला ढकलावा लागतो आणि तोच दाब फुप्फुसात टिकून राहतो. जास्त दाब हवा असेल तर नळी आणखी खोल घाला. बुडबुडे येतायत म्हणजे दाब आहे. बुडबुडे थांबले की कुठेतरी हवा गळतेय. इतकं साधं.

आता चला बांगलादेशात. 1996 साली मोहम्मद जोबायर चिश्ती हा तरुण डॉक्टर सिल्हेटच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये इंटर्न होता. पहिल्याच रात्री त्याच्या डोळ्यांसमोर तीन मुलं न्यूमोनियाने गेली. महागडे व्हेंटिलेटर आणि ते चालवणारी माणसं अशा ठिकाणी कुठून असणार? पुढे मेलबर्नमध्ये काम करताना त्यांनी बबल सीपॅप पाहिलं. ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेत परतल्यावर त्यांनी टाकून दिलेली शाम्पूची बाटली उचलली, पाण्याने भरली आणि त्यात नळी सोडली. बुडबुडे आले.

पण बुडबुडे आले म्हणजे मूल वाचलं असं होत नाही. ते सिद्ध करावं लागतं. ऑगस्ट 2011 ते जुलै 2013 या काळात ढाक्याच्या त्या हॉस्पिटलमध्ये रीतसर अभ्यास झाला. गंभीर न्यूमोनिया आणि कमी ऑक्सिजन असलेली पाच वर्षांखालची 225 मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटली. नेहमीच्या मंद ऑक्सिजनवरच्या 67 पैकी 10 मुलं गेली. हाय फ्लोवरच्या 79 पैकी 10. आणि बाटलीच्या गटात 79 पैकी 3. फरक इतका दिसू लागला की मंद ऑक्सिजनच्या गटात आणखी मुलं घालणं योग्य नाही, म्हणून अभ्यास आधीच थांबवला. 2015 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि शाम्पूची बाटली जगभर गाजली.

इथे थांबलो तर गोष्ट मस्त आहे. गरीब देश, हुशार डॉक्टर, जबरदस्त जुगाड. शेअर करायला एकदम झकास. पण पुढचं सांगितलं नाही तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

घानामध्ये 2,200 मुलांवर सीपॅपचा अभ्यास झाला. त्यात फक्त न्यूमोनियाची मुलं नव्हती, श्वासाचा त्रास असलेली सगळी होती. 2017 मध्ये निकाल आला: एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक नाही, एक वर्षाखालच्या बाळांना मात्र फायदा दिसला. मग आला मलावी. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात गंभीर न्यूमोनियाच्या 644 मुलांवर अभ्यास झाला, 2019 मध्ये छापला गेला. साध्या ऑक्सिजनवरच्या 323 पैकी 35 मुलं गेली. बबल सीपॅपवरच्या 321 पैकी 53.

पुन्हा वाचा. सीपॅपवर जास्त मुलं गेली. हा अभ्यासही मध्येच थांबवावा लागला, पण उलट्या कारणासाठी. मी हे आकडे वाचले तेव्हा आधी वाटलं, टायपिंगची चूक असेल. चूक नव्हती.

असं का झालं? ढाक्याच्या वॉर्डात प्रशिक्षित डॉक्टर आणि नर्स चोवीस तास हजर होते. मलावीत रोज देखरेख करणारे डॉक्टर नव्हते, आणि मुलंही फार नाजूक होती: कुणी कुपोषित, कुणाला एचआयव्हीची बाधा. त्यात दाबाची हवा कधी पोटातही जाते. पोट फुगतं, उलटी होते, ती श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेततं. नळी निसटते, नाकाची त्वचा सोलवटते. मूल दमत चाललंय आणि आता पुढचं पाऊल उचलायला हवं, हे बाटली सांगत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या लक्षात यावं लागतं. मलावीच्या निकालानंतर संशोधकांनी हाच धडा काढला: देखरेख नसेल तर हे वापरू नका.

त्यानंतर इथिओपियातल्या 12 रुग्णालयांत ढाक्याची पद्धत नेली, पण नुसत्या बाटल्या पाठवल्या नाहीत. आधी तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवलं, देखरेख बसवली. तिथे पुन्हा मृत्यू कमी झाले.

मला या सगळ्या इतिहासातून एवढंच वाटतं, की स्वस्त यंत्राची बातमी लगेच पसरते आणि रात्रपाळीच्या नर्सची बातमी होत नाही. पुढच्या वेळी 'अमुक रुपयांत जीव वाचवणारं यंत्र' असा व्हिडिओ दिसला, तर एक प्रश्न नक्की विचारा: रात्री तीन वाजता त्याच्याकडे बघणार कोण?

आणि एक कामाची गोष्ट. घरात लहान मूल असेल आणि खोकल्यासोबत श्वास भरभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ते कण्हत असेल, तर वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. बाटलीचा प्रयोग घरी करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!