एका पेल्याचे यंत्र

बाजारहत्नूरच्या एखाद्या घरी एका पेल्यापुरते एस्प्रेसो-यंत्र आणावयाचे झाले, तर निवड कशी करावी? इतिहास येथे उपयोगी पडतो. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी वाफेच्या दाबाने एकेक पेला काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पण वाफेच्या झळेने कॉफी करपट लागे. १९४८ मधील अकिले गाज्जा यांच्या यंत्रात दांडा व स्प्रिंग यांनी पाण्यावर जोराचा दाब आणला, आणि पेल्यावर सोनेरी साय धरली. १९८६ मध्ये नेस्प्रेसोने मोजकी पूड कॅप्सूलमध्ये बंद करून श्रम वाचविले. मात्र कॅप्सूल संपली की यंत्र मुके! दांड्याच्या यंत्राला बारीक दळलेली कोणतीही कॉफी चालते; हाताला सवय तेवढी हवी. म्हणून शहरापासून दूर राहणाऱ्याने किमतीआधी विचारावे : रोजची कॉफी मला कोठून मिळेल?