म्हावऱ्याच्या पाटीवरचा चौकोन

वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरात म्हावऱ्याचे वाटे मांडले जातात, तेव्हा पाटीच्या कडेला आता एक काळा-पांढरा क्यूआर चौकोनही टेकवलेला दिसतो. त्यावर खवले उडतात, बर्फाचं पाणी सांडतं. गिऱ्हाईक ओल्या हाताने तो पुसतं, मोबाइल समोर धरतं आणि पैसे पोचतात. एवढं सोसूनही तो वाचला जातो, कारण त्याचा जन्मच तेलाने बरबटलेल्या कारखान्यातला.

त्याच्या कुळात बारकोड आधीचा, आणि त्याची सुरुवात वाण्याच्या गल्ल्यावर झाली. गल्ल्यावर मालाची नोंद आपोआप व्हावी, अशी फिलाडेल्फियाच्या एका किराणा दुकानदाराची इच्छा होती. ती ड्रेक्सेल संस्थेतल्या बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाच्या कानावर पडली आणि त्याने ती मित्राला, नॉर्मन वूडलँडला सांगितली. पुढे मायामीच्या किनाऱ्यावर बसलेल्या वूडलँडने वाळूत मोर्सच्या लिपीतले ठिपके-रेघा काढल्या आणि बोटांनी त्या खाली ओढल्या. जाड-बारीक रेघांची ही कल्पना. पेटंट १९५२ सालचं, पण रेघा वाचणारा लेझर आणि परवडणारा संगणक यांची वाट पाहण्यात बावीस वर्षं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमचं एक पाकीट बारकोडवर विकलं गेलं, तेव्हा कुठे ही रेघ कामाला लागली.

दुसरी शाखा जपानची. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटची रीत उचलली: गिऱ्हाईक जेवढं नेतं तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं. कारखान्यात त्यांनी प्रत्येक खोक्याला एक कार्ड जोडलं. पुढच्या कामगाराने सुटे भाग वापरले की कार्ड मागच्याकडे परत जाई आणि तेवढेच भाग पुन्हा बनत. वखारीत माल साठवायचा नाही, माहितीच फिरती ठेवायची. संस्थेतल्या माहितीच्या व्यवस्थापनावर पुढे व्यवस्थापनशास्त्राने कपाटं भरतील एवढं लिहिलं. त्यातलं पुष्कळसं या कार्डापाशी येऊन थांबतं असं मला वाटतं.

टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या देन्सो कंपनीने या कार्डांवर बारकोड छापले. पण गाड्यांचे प्रकार वाढले, भाग वाढले आणि बारकोड अपुरा पडू लागला. त्यात जेमतेम वीसेक अक्षरं मावत. मग एका खोक्यावर दहा-दहा बारकोड आले आणि दिवसाला हजारेक वेळा यंत्र टेकवून कामगार वैतागले. तेलाचा डाग पडला की वाचन चुके. हे गाऱ्हाणं मासाहिरो हारा या अभियंत्याकडे आलं. १९९२ साली त्यांनी काम हाती घेतलं. सोबत एकच सहकारी.

माहिती आडवी-उभी दोन्हीकडे पसरली तर जास्त मावेल, हे त्यांना जेवणाच्या सुट्टीत खेळायच्या ‘गो’ या पटावरून सुचलं. खरी अडचण वेगळी होती. चौकोन कागदावर नेमका कुठे आहे आणि कुठल्या बाजूने धरलाय, हे यंत्राला क्षणात कळायला हवं. त्यासाठी तीन कोपऱ्यांत खुणा ठेवायच्या ठरल्या, पण तशीच खूण छापील मजकुरात दुसरीकडे आली तर यंत्र फसणार. म्हणून दोघांनी मासिकं, जाहिराती, पुठ्ठ्याची खोकी पालथी घातली आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सर्वांत कमी आढळणारं प्रमाण शोधलं: एक, एक, तीन, एक, एक. कुठल्याही क्यूआरच्या कोपऱ्यातल्या खुणेवरून मधोमध सरळ रेघ ओढा, हेच प्रमाण मिळेल. डागांवरचा उपाय मात्र उसना होता. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेलं गणित त्यांनी वापरलं. त्यामुळे सुमारे तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी उरलेल्यातून मजकूर जुळवता येतो. पाटीवरच्या चौकोनावर खवला चिकटला तरी चालतं ते यामुळे.

१९९४ साली हा चौकोन जाहीर झाला. देन्सोने पेटंट घेतलं, पण प्रमाणित क्यूआर वापरणाऱ्यांवर ते बजावलं नाही. मला हा त्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. नाहीतर कारखान्यातली ही खूण कारखान्यातच राहिली असती. २००२ मध्ये जपानमध्ये ती वाचणारे मोबाइल आले, २०११ मध्ये चीनमध्ये अलीपेने तिच्यावरून पैसे घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे पैशाची बाजू जमली ती मुंबईत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झालं. सात महिन्यांत नोटाबंदी आली आणि सुट्ट्याची पंचाईत झालेला बाजार या चौकोनाकडे वळला. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा चौकोन निराळा. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की नवे खासगी क्यूआर नकोत, जुनेही मार्च २०२२ पर्यंत सगळ्यांना चालतील असे करा. त्याआधी, २०२० च्या जानेवारीपासून, यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क शून्य झालं होतं. वीस रुपयांच्या वाट्यावर कमिशन लागलं असतं तर कोळणीने हा चौकोन पाटीजवळ येऊ दिला नसता. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले.

मात्र या चौकोनात म्हावऱ्याविषयी काहीच नसतं. पैसे कोणाला जायचे, तो पत्ता आणि नाव, एवढंच. खोक्यात काय आहे, किती आहे, कुठून आलं हे सांगायला जन्मलेली खूण इथे नुसती गल्ल्याचं काम करते. उधारी कोणाची, कोणतं गिऱ्हाईक घासाघीस करतं, आज डोल जाळ्यात बोंबील किती लागला, हे कोळणीच्या डोक्यातच राहतं. शिवाय पाटी तिची असली तरी चौकोनामागचं खातं तिचंच असेल असं नाही.

किनाऱ्यावर माहिती पोचली तर काय होतं, ते केरळने दाखवलंय. १९९७ ते २००१ दरम्यान कासारगोड, कण्णूर, कोळिकोडच्या किनाऱ्यावर मोबाइल आले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या तारलीच्या बाजाराचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष छापले. आधी एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी समुद्रात टाकत, तर पंधरा किलोमीटरवर व्यापारी रिकाम्या हाताने परतत. मोबाइलनंतर फेकाफेक जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला भावही थोडा उतरला. तिथे फोनवरून भाव फिरला. पाचूबंदरच्या चौकोनातून फक्त पैसे फिरतात.

भावासारखीच मासळी कुठून आली ही माहितीही फिरू शकते. युरोपला मासळी पाठवायची तर २०१० पासून ती कोणत्या बोटीने पकडली याचा दाखला लागतो. वाळवलेल्या बोंबलाला इथल्या बाजारात असं काही कोणी विचारत नाही. माहिती नाही असंही नाही. डिझेलवरच्या कराचा परतावा मिळवायला बोटीचा हिशेब मच्छीमार सोसायटीत ठेवावाच लागतो. तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलपर्यंत नेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण ते काम पाटीवर बसलेल्या बाईच्या गळ्यात घालू नये. सुके बोंबील घाऊक उचलून गोणी भरणाऱ्या व्यापाऱ्याने गोणीवर त्या हिशेबाचा चौकोन छापावा. छपाईचा खर्चही त्याच्याच नफ्यातून निघेल.