द्राक्षाला सवलत, मोहाला खटला

जानेवारी ते मार्च हा नाशिकच्या वाइनचा हंगाम. द्राक्षं तोडायची आणि गाळायची घाई तेव्हाच असते, आणि ठाणे-डोंबिवलीतल्या ग्रुपवर 'यंदा वायनरीला जाऊया का?' तेही तेव्हाच सुरू होतं. जाणं आता सोपं झालंय. सकाळची तपोवन कल्याणला पकडा, गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्या बघा, संध्याकाळच्या गाडीने परत या. स्वतःची गाडी असेल तर ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्याहून इगतपुरीपर्यंत समृद्धी खुला आहे. फक्त गाडी चालवणारा न पिणारा हवा, हे आधी ठरवा.

जाताना शहापूर-कसारा पट्टा लागतो. हा मोहाचा मुलूख. मार्च-एप्रिलात, म्हणजे नाशिकची द्राक्षं संपत आली की इथे मोहाची फुलं गळायला लागतात. ठाकूर, कातकरी, वारली घरांतली माणसं ती पहाटे वेचतात, वाळवतात, खातात. त्याचीच दारूही होते. लग्नाला, देवाला ती लागायचीच.

या दारूवर सरकारची नजर पडली ती इंग्रजांच्या काळात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या मोडीत निघाल्या आणि गाळप मोठ्या भट्ट्यांकडे, मक्तेदारांकडे गेलं. तरी लोक घरी गाळतच होते. मग १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा आला. तो लागू झाला आपल्या ठाणे आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात. दारू सोडाच, फुलं साठवणं आणि विकणं यावरही बंधनं आली. हेतू व्यसनमुक्तीचा नव्हता, महसुलाचा होता. लोकांनी कर भरलेली दारूच विकत घ्यावी, एवढंच.

इंग्रज गेले आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे. वाइनचा घोट घ्यायलाही कागदोपत्री परवाना लागतो तो त्याच कायद्याने, आणि पाड्यावर हंडा चढवला तर खटला होतो तोही त्याच कायद्याने.

द्राक्षाची गोष्ट वेगळी. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइन सुरू केली. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. कारण दिलं शेतकऱ्याच्या उत्पन्नाचं, आणि ते बरोबरच होतं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढे होतं.

माझा प्रश्न साधा आहे. हेच कारण मोह वेचणाऱ्याला का लागू होत नाही? शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन आदिवासी बचत गटांसाठी वाट काढली. आपल्याकडे द्राक्षाचा झाला तो उद्योग, मोहाचा राहिला तो गुन्हा.

दारूने पाड्यावरची घरं मोडतात, मार बायकांना बसतो, हे बातम्या करताना मी बघितलंय. म्हणून सरसकट मोकळीक द्या असं मी म्हणत नाही. पण १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदी करण्याचा किंवा दारूवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिलाय, आणि शहापूर तालुका त्या क्षेत्रात येतो. गाळायचं की बंद करायचं, हे पाड्यावरच्या बायापुरुषांनी बसून ठरवावं. आज ते पोलीस आणि अबकारी खातं ठरवतं.

वायनरीला जरूर जा. ग्लास हातात धरून तिथला माणूस माती, हवा, द्राक्षाची जात समजावून सांगेल, ते नीट ऐका. मोहाबद्दलही असंच सांगणारे जाणकार कसाऱ्याच्या पाड्यांवर आहेत. त्यांनी तोंड उघडलं तर मात्र केस होईल.

तुमच्या घरी, गावी मोहाच्या आठवणी असतील तर खाली लिहा. कुणाचं नाव मात्र लिहू नका.