उपनगरातला तरुण ‘कामात’ केव्हा धरायचा?

‘तू काम करतोस का?’ हा प्रश्न दिसायला अगदी सोपा. पण सरकारी गणतीत तो गेली पाऊणशे वर्षे निरनिराळ्या तऱ्हेने विचारला गेला आहे. प्रश्नाचे शब्द बदलले, की अंधेरी-बोरिवलीतल्या त्याच मुलामुलींपैकी काहीजण कामकऱ्यांच्या रकान्यात येतात, काही बाहेर पडतात.

अंधेरीच्या आसपासचा भाग १९५० साली मुंबई महापालिकेत आला; बोरिवली, मुलुंड १९५७ साली. या दोहोंच्या मध्ये झालेल्या १९५१ च्या जनगणनेने माणसांचे तीन गट केले होते. स्वतःपुरते कमावणारा तो स्वावलंबी, थोडेफार कमावणारा तो कमावता परावलंबी, आणि बाकीचे नुसते परावलंबी. कारखान्यात उमेदवारी करून निम्माशिम्मा पगार घरी आणणारा मुलगा मधल्या गटात बसे. मला ही विभागणी आजही बरीच प्रामाणिक वाटते.

१९६१ साली निकष सैल झाला. गणतीआधीच्या पंधरा दिवसांत कधीही नोकरी-धंदा केला असेल, किंवा हंगामी काम असल्यास हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक काम केले असेल, तर तो कामकरी. १९७१ साली मात्र ‘तुमचे मुख्य काम कोणते?’ असे विचारले गेले. घरातल्या बाईने किंवा मुलीने ‘घरकाम’ म्हटले, की विषय संपला. देशभरातल्या कामकरी स्त्रियांची संख्या सुमारे सहा कोटींवरून सुमारे तीन कोटींवर आली! दहा वर्षांत तीन कोटी बायका घरी बसल्या असे कोणी मानले नाही. या घसरणीत प्रश्नाच्या शब्दांचा वाटा मोठा होता. मग १९८१ मध्ये वर्षातले निम्मे दिवस काम करणारे ‘मुख्य’ आणि त्याहून कमी करणारे ‘सीमांतिक’ अशी तोड निघाली.

यात मुंबईचा एक धागा आहे. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० साली अहवाल दिला. आपल्याकडे कोणी पगारी, कोणी रोजंदारीवर, कोणी घरच्या धंद्यात. तेव्हा बेकारी एकाच आकड्यात बसवू नका, असे तिचे म्हणणे होते. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन मापे आली: वर्षभराची स्थिती, आठवड्याची आणि दिवसाची. आठवड्याच्या मापात सात दिवसांत एक तास काम केले तरी माणूस रोजगारात धरला जातो.

आता हे माप मालाड-घाटकोपरच्या वस्तीत लावून पाहा. कॉलेजातून आल्यावर आईबरोबर इमिटेशनचे दागिने जुळवणारी मुलगी नगावर पैसे मिळवते. आठवड्याच्या मापाने ती कामकरी. पण माहिती बहुधा घरातला कर्ता माणूस देतो, आणि तो सांगतो, ‘शिकतेय.’ बस्स, ती विद्यार्थिनी झाली. बोरिवलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पदवीधर ‘सध्या कामाला तयार नाही’ म्हणाला, तर तो बेकारही नाही. कारण काम करणारे आणि काम शोधणारे वा कामाला तयार असणारे, एवढीच श्रमशक्ती. म्हणून पंधरा ते एकोणतीस वयोगटाचा सहभाग घटला, की मुले जास्त शिकू लागली असाही अर्थ निघतो, आणि कंटाळून शोधणे सोडले असाही. नुसत्या टक्केवारीवरून यातले कोणते खरे ते कळत नाही.

त्यात गणती राहत्या घरी होते. अंधेरीत १९७३ साली निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले, पुढे कॉल सेंटरे आली. पण तिथे विरार किंवा डोंबिवलीहून येणारी पोरे मोजली जातात आपापल्या गावी. २०११ साली मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या त्र्याण्णव लाखांच्या वर होती. एवढ्या जिल्ह्यात किती तरुण राहतात आणि किती तरुण राबतात, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

२०१७ पासून श्रमशक्तीची पाहणी सलग होऊ लागली, आणि जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हे मूळ एकक धरले जाते. दारात येणारा पाहणी कर्मचारी आता अधिक वेळा येईल. त्या वेळी दागिने जुळवणारी मुलगी घरात असली, तर उत्तर तिलाच देऊ द्यावे.